सात पिंपांचं सप्तक

माझा धाकटा भाऊ कलाकार आहे. चित्रं काढतो, व्हिडिओ करतो आणि वाद्यं बनवतो. बारा वर्षांत त्यानं अकरा वाद्यं बनवली. त्यातली दोन वाजली. मी चितेगावच्या एका कारखान्यात मापं तपासतो, त्यामुळे असे आकडे लक्षात राहतात.

पाचोडला मामांचं पंपांचं दुकान आहे. मामांनी त्याला तिथं बसायला बोलावलं होतं आणि तो शेवटी कबूलही झाला होता. फक्त पुण्याच्या एका कलासंस्थेच्या बाई शनिवारी त्याचं बारावं वाद्य पाहायला घरी येणार होत्या. त्या नाही म्हणाल्या, तर दुसऱ्या दिवसापासून दुकान.

बारावं वाद्य म्हणजे आमच्या घरातली पाण्याची पिंपं.

आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा, मंगळवारी येतो. म्हणून मागच्या अंगणात दोनशे लिटरची सात लोखंडी पिंपं असतात. पाणी जास्त असलं की पिंपाचा स्वर खाली जातो, कमी असलं की वर, हे भावाच्या ध्यानात आलं. रबर गुंडाळलेल्या दांड्यानं ठोकत त्यानं सा ते नी लावले. पाण्यावरचं ऊन समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उमटायचं आणि पिंप ठोकलं की थरथरायचं. ते त्याचं चित्र. पाण्याच्या पातळीच्या खुणा मी ऑइलपेंटनं करून दिल्या. एकूण पाणी आठशे नव्वद लिटर. शनिवारपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. चार दिवस आम्ही स्वयंपाकघरातल्या दोन हंड्यांवर आणि शेजाऱ्यांच्या उपकारावर काढले. आपल्याच घरात पाणी मागून पिते, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

शुक्रवारी पिशोरहून मावशी आली, दवाखान्यात गुडघे दाखवायला. तिला पिंपांचं कुणीच सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. शनिवारी सकाळी सात वाजता तिनं स्वतःची दोन लुगडी आणि आमची एक चादर धुऊन वाळत घातली.

भाऊ अंगणात आला, सहावं पिंप ठोकलं आणि तिथंच खाली बसला. मी मोजपट्टी लावली. दोन बादल्या, चोवीस लिटर.

"मावशी, तू धैवतातलं पाणी काढलंस," तो म्हणाला.

"म्या त्या दोरीजवळच्या पिंपातलं घेतलं," मावशी म्हणाली. "धैवत कुठंशी हाय?"

भर घालायला पाणी नव्हतं. शेजाऱ्यांचंही संपत आलं होतं. मी भावाला म्हटलं, एक स्वर वर गेलाय, तर बाकीचे सहाही तेवढेच वर ने. म्हणजे पाणी काढायचं. तो ठोकायचा, मी तांब्यानं काढायचो. असं एकशे सव्वीस लिटर निघालं. ते ओतून देणं शक्य नव्हतं. पाणी सांडणाऱ्याची आमच्या गल्लीत वर्षभर चर्चा होते. बायको डोक्यावरून न्हाली. मी न्हालो. शेजारच्या दोन घरांतली माणसं टॉवेल घेऊन आली. मावशीनं उरलेल्या चादरी भिजवल्या आणि बादली रिकामी झाली की विचारायची, "अजून एखादा स्वर हाय का रं?"

अकराला बाई आल्या. भाऊ वीस मिनिटं वाजवत होता, भिंतीवर ऊन हलत होतं. मला गाण्यातलं कळत नाही, पण रंगात आला की त्याचे कान लाल होतात, ते मी पाहिले. वादन संपल्यावर बाईंनी विचारलं, षड्ज नेमका या उंचीवर का ठेवला, त्यामागं काय विचार आहे?

अशा प्रश्नांसाठी भावानं दोन पानं पाठ केली होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं, वाळत घातलेल्या चादरींकडं पाहिलं.

"मावशीनं सकाळी कपडे धुतले," तो म्हणाला. "मग तिथून सगळं पुन्हा लावावं लागलं."

बाई मावशीशेजारी बसल्या आणि तिनं किती पाणी घेतलं ते विचारू लागल्या. मावशीला सांगता येईना. आकडा मी दिला.

पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं. पुण्याला महिनाभर प्रदर्शन, रोज वादन. मामांना फोन मीच केला. पत्रासोबतच्या फॉर्ममध्ये 'सभागृहानं काय पुरवावं' असा रकाना होता. भावाला काही सुचेना, म्हणून त्यानं तो माझ्यापुढं सरकवला. मी लिहिलं: पाणी, सातशे चाळीस लिटर. बायकोनं पेन मागून घेतलं आणि खाली तिच्या अक्षरात भर घातली: तसेच महिनाभर आमच्या घरी दुसरी सात पिंपं.