नलिनीबाई आणि गौरीच्या गळ्यातला पट्टा

सकाळी कौसाबाईंचा फोन वाजला तेव्हा मी आधी गाडीची किल्ली उचलली. त्यांच्या गौरी गाईचे दिवस भरत आले होते, ती व्यायला लागली असणार असंच वाटलं. पण पलीकडून आवाज आला, "डाक्टर, आपल्या बाई गेल्या वो... झोपेतच." मी किल्ली हातात धरून तसाच उभा राहिलो.

नलिनीबाईंनी मला पारनेरच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवलं. मी जनावरांचा डॉक्टर होऊन तालुक्यात परतलो, तोवर त्या निवृत्त होऊन कौसाबाईंच्या शेजारी राहायला आल्या होत्या. साठीनंतर मोबाईलवर व्हिडिओ बघून त्या छोट्या चिपांना हालचाली ओळखायला शिकवू लागल्या. आम्हाला तो विरंगुळा वाटे. तेवढ्यात गौरीचा प्रश्न उभा राहिला. गाय गाभण राहू शकते ती वेळ म्हणजे माज, पण तिचा माज मुका. ओरडणं नाही, काही नाही. वेळ कळायचीच नाही आणि अंदाजानं केलेलं कृत्रिम रेतन तीनदा फुकट गेलं. कौसाबाईंनी तिला बाजार दाखवायचं ठरवलं. बाईंनी मला विचारलं, "माजावरची गाय नेमकं काय करते रे?" मी म्हटलं, "ओरडली नाही तरी फिरणं वाढतं, रवंथ कमी होतो." त्या म्हणाल्या, "म्हणजे हालचाल बदलते. मग ओळखता येईल."

त्यांनी गौरीच्या गळ्यात पट्टा बांधला. त्याच्या डबीत हालचाल टिपणारा सेन्सर आणि नखाएवढी चिप. महिनाभर त्या गोठ्यात बसून राहिल्या. गाय चरतेय, रवंथ करतेय, चालतेय, असं वेळेसकट लिहायचं, घरी लॅपटॉपवर सेन्सरच्या नोंदींशी जुळवायचं आणि तीच उदाहरणं दाखवून यंत्राला शिकवायचं. शिकलेलं सगळं मग त्या चिपमध्ये बसवलं. गोठ्यात इंटरनेटचीही गरज उरली नाही. फिरणं वाढून रवंथ घटला की लाल दिवा लागणार होता.

पहिल्यांदा दिवा लागला, मी धावत गेलो... आणि गाय माजावर नव्हतीच. गोचिडांनी हैराण होऊन ती खांबाला मान घासत होती, यंत्र त्याला चालणं समजलं. मी चिडलोच. बाई मात्र हसल्या, "त्याचं चुकलं नाही रे. खाजवणं मी त्याला दाखवलंच नव्हतं." दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गोठ्यात हजर. ते बघून कौसाबाई म्हणाल्या, "बाई येवढं बसत्यात, मग फुडच्या माजापतूर, आजून एकवीस दिवस ठिवते हिला."

त्या मुदतीतच एका पहाटे दिवा लागला. मी गौरीला तपासलं, पुन्हा तपासलं. या वेळी यंत्र बरोबर होतं. रेतन केलं, आणि तीन महिन्यांनी मीच सांगितलं, गाय गाभण आहे. कौसाबाईंनी बाईंचे दोन्ही हात धरले.

बाई गेल्या त्याच्या आठव्या दिवशी गौरी व्यायली. देखणी कालवड झाली. "बाईंनी बघायला पायजे हुती," एवढंच म्हणून कौसाबाई तिला पुसत राहिल्या.

मागच्या आठवड्यात मी लस टोचायला गेलो होतो. म्हशीचा माज तर गाईहूनही मुका. कौसाबाईंनी बाईंनी करून ठेवलेला दुसरा पट्टा आपल्या म्हशीला बांधलाय. त्यांना भरभर लिहिता येत नाही, म्हणून समोर बसून मोबाईलमध्ये बोलतात, "आता रवंथ चाललाय... आता उठली..." ती उदाहरणं बाईंच्या लॅपटॉपवर मी घालतो, चुकतमाकत. मी दारातून हाक मारली, तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"गप ऱ्हावा डाक्टर. हिनं आत्ता मान हलवली, ते कशापायी ते बघू द्या."