फळ्यावरच्या बाई

बालवर्गातली मुलं त्यांना ‘उंच बाई’ म्हणायची, आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंना ‘गाणाऱ्या बाई’. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या. एकवीस वर्षं त्यांच्या वर्गांमध्ये एक लाकडी पार्टिशन तेवढं होतं. मधल्या सुट्टीत दोघी एकाच बाकावर बसून डबा खायच्या.

मुलांचा ओढा मात्र पहिल्यापासून गाणाऱ्या बाईंकडे. त्या हात धुवायचं गाणं करायच्या, चपला रांगेत ठेवायचं गाणं करायच्या, रडणाऱ्या पोरासाठी त्याचं नाव घालून तिथल्या तिथे गाणं रचायच्या. पार्टिशनच्या अलीकडे उंच बाई अक्षरं गिरवून घेत असत आणि पलीकडे हशा पिकत असे.

मग वर्गावर्गांत स्मार्टबोर्ड आले. दोघींचंही धाबं दणाणलं. पहिल्याच पालकसभेत उंच बाईंनी भीत भीत बोट लावलं आणि चित्रातला हत्ती उलटा झाला. मागून कुणाचे तरी वडील म्हणाले, “हत्तीलाही शीर्षासन शिकवता वाटतं!” सगळे हसले. मुख्याध्यापिकाही हसल्या, आणि नंतर ऑफिसात बोलावून म्हणाल्या, “जमत नसेल तर तसं सांगा. उगाच जागा अडवू नका.”

ते उंच बाईंच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्या शाळा भरायच्या तासभर आधी यायला लागल्या. एका वहीत सगळं लिहून काढलं: आधी मागचं बटण, हिरवा दिवा लागेपर्यंत हात लावायचा नाही, काही अडलं तर घाबरायचं नाही, वरच्या बाणावर बोट ठेवायचं. नवरा म्हणायचा, “निवृत्तीला पाच वर्षं राहिली आणि आता पहिलीत बसलीस!” त्या हसायच्या नाहीत. तीन महिन्यांत हत्ती सरळ उभा राहू लागला. सहा महिन्यांत त्या स्वतः चित्रं कापून, आवाज घालून पाठ तयार करू लागल्या. आता हशा पार्टिशनच्या अलीकडे पिकू लागला. पालक त्यांच्या दाराशी थांबू लागले.

गाणाऱ्या बाईंनी मात्र आपल्या बोर्डावर चादरच टाकली होती. “मला एकटीला नाही गं जमायचं,” त्या डबा उघडताना म्हणायच्या. “मला शिकव ना.”

“शिकवते की. या आठवड्यात जरा गडबड आहे.”

ती गडबड वर्षभर संपली नाही. वेळ नव्हता असं नाही. पहिल्यांदाच आपण पुढे आहोत, हे त्यांना गोड लागत होतं.

त्याच सुमारास मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तुमचे पाठ रेकॉर्ड करून ठेवा. उद्या तुम्ही आजारी पडलात तर मुलांचं नुकसान नको.” उंच बाई कामाला लागल्या. पण नुसत्या अक्षरांनी पाठ रंगेना, गाणी हवी होती. त्या पार्टिशनपलीकडे गेल्या. गाणाऱ्या बाईंनी एका शब्दाने विचारलं नाही कशाला म्हणून. एकेक गाणं दोनदोनदा म्हणून दाखवलं, टाळी कुठे घ्यायची ते सांगितलं, चाल चुकली तिथे थांबवलं. “अगं, ओरडू नकोस, बेडूक झोपलाय ना!” म्हणाल्या आणि दोघी खूप हसल्या.

नव्वद पाठ झाले. सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी गाणाऱ्या बाईंच्या हातात पत्र पडलं. रेकॉर्ड केलेले पाठ उपलब्ध असल्यामुळे त्या वर्गाला स्वतंत्र शिक्षिकेची आवश्यकता उरलेली नाही, असं त्यात होतं. त्यांच्या खुर्चीवर एक मदतनीस बसली. बोर्डावरची चादर निघाली, आणि पार्टिशनपलीकडून उंच बाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला. गाणं बेडकाचं होतं.

आठवड्याभराने व्हरांड्यात त्या वर्गातल्या एका मुलीने उंच बाईंचा पदर धरला. “तुम्ही आमच्याकडे ऐकत का नाही?”

“काय ऐकत नाही गं?”

“मी ‘बाई, शू’ म्हटलं. किती वेळा म्हटलं. तुम्ही गातच बसलात.”

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या गाणाऱ्या बाईंच्या घरी गेल्या. दार त्यांनीच उघडलं, पण ‘आत ये’ म्हटलं नाही.

“मला खरंच माहीत नव्हतं गं,” उंच बाई म्हणाल्या.

“ते नव्हतं माहीत, मान्य. पण मी वर्षभर शिकव शिकव म्हणत होते, तेव्हा?”

उंच बाई उंबऱ्यापासून एक पाऊल मागे सरकल्या.

“शिकवलं असतंस तर कदाचित दोघी राहिलो असतो. कदाचित नसतोही. पण माझी गाणी तरी माझ्या तोंडी राहिली असती.” गाणाऱ्या बाईंनी दार लोटलं. जोरात नाही, पण पूर्ण लोटलं.

सकाळी उंच बाई तासभर आधी शाळेत आल्या. शेजारच्या वर्गात जाऊन बोर्ड सुरू केला आणि नव्वदच्या नव्वद पाठ पुसून टाकले. वही उघडावी लागली नाही. कुठे बोट ठेवायचं ते सगळं पाठ होतं.

दुपारपर्यंत पाठ परत आले. मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, “ऑफिसात कॉपी असते, बाई. आणि पाठ तुमचे नाहीत, शाळेचे आहेत. यावेळी लेखी ताकीद देत नाही.”

उंच बाईंनी राजीनामा लिहिला होता. तो त्यांनी पर्समधून काढलाच नाही. उलट पुढच्या वर्षी त्यांनी इतर शाळांतल्या शिक्षिकांना बोर्ड शिकवला, आणि चांगला शिकवला. एका पोरसवदा शिक्षिकेने विचारलं, “रेकॉर्डिंगचंही दाखवाल?” तर म्हणाल्या, “ते सोडून काहीही विचार.” तरी तिने ते दुसरीकडून शिकून घेतलंच.

निवृत्तीच्या निरोप समारंभात त्यांना ‘तंत्रस्नेही शिक्षिका’ असं लिहिलेलं मानचिन्ह मिळालं. गाणाऱ्या बाईंना निमंत्रण गेलं होतं. त्या आल्या नाहीत. त्या आता घरीच शेजारपाजारची मुलं सांभाळतात. त्यांच्या खिडकीतून गाणी ऐकू येतात, नवी, कुणी न ऐकलेली. उंच बाई बाजारातून येताना त्या घराच्या आधीच रस्ता ओलांडतात.