घरचा रविवार

आमच्या घरी मंगळवारला रविवार म्हणायचे. मी तुंगार्लीतले, पाहुण्यांना सुट्टीसाठी भाड्याने देतात असे दोन बंगले सांभाळतो. शनिवार-रविवारी पाहुणे, सोमवारी चादरी धुणं आणि बार्बेक्यूची राख काढणं. माझी सुट्टी मंगळवारी. त्या संध्याकाळी आम्ही तिघं एकत्र जेवायचो, म्हणून बायको त्याला 'घरचा रविवार' म्हणू लागली. पुढे 'घरचा' गळून पडला.

मुलगी दुसरीत. शाळेत बाईंनी वार विचारले तेव्हा तिने "सोमवार, रविवार, बुधवार" असं म्हणून दाखवलं. वर्ग हसला, पण ती हटली नाही. रविवारी पप्पा जेवायला असतात, एवढंच तिचं म्हणणं. हा किस्सा मी पाहुण्यांना रंगवून सांगायचो. ते खूप हसायचे.

इंदुरी गावाहून सासूबाई आल्या, त्या हसल्या नाहीत.

"आवो जावईबापू, पोरगी लय बारीक झालीया. लोक मंगळवारी उपास धरत्यात, ही मंगळवारीच तेवढी जेवती. बाकीचं दिस काय उपास हाय का तिला?"

मी आणि बायकोने मुलीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वजन केलं, डोळे तपासले आणि विचारलं, "घरी सगळे एकत्र जेवता ना?"

"हो," मी लगेच म्हणालो. बायको मुलीच्या स्वेटरचं बटण लावत राहिली. उरलेले सहा दिवस पोरीपुढे मोबाईल लावून तिच्या तोंडात घास कोंबावे लागतात, हे मला माहीत होतं. त्याच वेळी मी दुसऱ्यांच्या मुलांना कणसं भाजायला शिकवत असायचो आणि त्यात मला मजाही वाटायची.

त्या दिवसापासून ठरलं की रोज संध्याकाळी सातला मी घरी यायचं, जेवायचं आणि मग परत कामावर जायचं. जेवताना माझा फोन तांदळाच्या डब्यात. ही बायकोची अट.

कॅलेंडरातल्या पहिल्याच रविवारी मुलगी ओरडली, "पप्पा, तांदूळ वाजतोय!"

मी उठलो. पाहुण्यांना कोळसा हवा होता. दोन मिनिटांत येतो म्हणून गेलो आणि बराच उशिरा आलो. तिच्या ताटातली भाकरी तशीच होती. समोर बायकोचा मोबाईल चालू होता.

दुसऱ्या दिवशी बंगल्यांच्या मालकांना सांगितलं, पाहुण्यांना सात ते आठ वॉचमनला फोन करायला सांगा. "सीझनमध्ये?" ते म्हणाले. मी हो म्हणालो. ते "बरं" म्हणाले. हे इतकं साधं होतं.

पुढच्या रविवारी मी घरात शिरून फोन डब्यात टाकला, तशी मुलगी झाकण लावून डब्यावरच बसली. ताट मांडीवर. तरीही थोड्या वेळाने कुणा पाहुण्याचा फोन तिच्याखाली वाजू लागला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी भातात आमटी कालवली. फोन वाजून वाजून थांबला.

"पप्पा, आज खरा रविवार आहे?"

"हो."

"मग परवा?"

"परवा मंगळवार."

तिने घास बराच वेळ चावला. "मंगळवारी पण येणार?"

"येणार."

तिने आईपुढे ताट धरलं. "आणखी अर्धी भाकरी वाढ."

डबा पुन्हा वाजला. ती नीट सरसावून बसली.