रशीदभाईचा हॉर्न

आधी हातातला चहा खाली ठेवा. आयकताना कोणाच्या नाकातून चहा आला त मी जबाबदार नाई.

मी काय घोळ केला तो पुऱ्या तालुक्याले माहीत हाय. मंग म्हटलं, तुमाले दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगतो. दुसरा तिखटमीठ लावन. मी लावत नाई. गरजच नाई!

त मी नागभीडचा गुरुजी. चौथीचा वर्ग, वय बावन्न. डॉक्टरनं सांगतलं, "गुरुजी, साखर वाढली, रोज चालत जा." आता चालणं म्हंजे बुढ्यायचं काम, असं मले वाटलं. म्हणून मी सायकल घेतली. साधी नाई बाप्पा! बारीक चाकाची, वाकलेल्या हँडलची, एका हातानं उचलून धरता येते अशी. चंद्रपूरच्या एका सायकल ग्रुपात नावही टाकलं. अन ग्रुप म्हटला का ड्रेस आला.

ड्रेस आयका. खाली काळी चड्डी, आंगाले अशी चिपकलेली का माणसाचं काहीच गुपित राह्यत नाई. बुडाखाली गादी शिवलेली. वर पिवळाधम्मक शर्ट अन त्याच्यावर काळे पट्टे. काऊन? त आपला जिल्हा वाघाचा, म्हणून ग्रुपचा ड्रेसही वाघाचा! पाठीवर खिसे. डोक्यावर काळं हेल्मेट.

शोभानं, म्हंजे माझ्या बायकोनं, मले पहिल्यांदा त्या ड्रेसात पाह्यलं तवा तिच्या हातातली परात पडली.

"अवो, हे घालून मोठ्या रस्त्यानं जाता?"

"मंग?"

"मंग मांगच्या गल्लीनं जा न जी!"

पण मी कायले आयकतो? दर रविवारी मोठ्या रस्त्यानंच निघत होतो, छाती काढून. अन त्या रस्त्यावर माझा दुश्मन होता. रशीदभाई.

रशीदभाई आमच्याच गावचा. नागभीड ते सिंदेवाही सवारी गाडी चालवते. माणूस चांगला, पण त्याचा हॉर्न! आधी म्हशीवानी हंबरते, मंग लेकरावानी रडते, अन शेवटी अशी शिट्टी मारते का माणसाच्या काळजाचं पाणी होते. अन वाजवते कुठी? बरोबर माझ्या मांगच्या चाकाजवळ येऊन.

एका रविवारी माझं डोकंच फिरलं. रस्त्याच्या मधात सायकल आडवी लावली.

"काऊन जी रशीदभाई, रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?"

"मेरे बाप का नहीं है गुरुजी, पर आपके बाप का बी नहीं! साइड से चलाओ ना! अन कपडे त घालून येत जा, गाडीत लेडीज सवारी असते!"

गाडीतल्या बाया तोंडाले पदर लावून हासल्या. बस! मंग मी रशीदभाईले सगळ्यायसमोर कायदा शिकवला. सायकलवाल्याचा हक्क, हॉर्नचा आवाज, ड्रायव्हर लोकायची मुजोरी, सारं. चौथीच्या पोरायले पाढे म्हणून दाखवतो त्याच आवाजात. शेवटी म्हटलं, "आजपासून माझ्या मांगं हॉर्न वाजवाचा नाई! वाजवला त तक्रार करीन!" अन गाडीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. लोकायनं शाबासकीचे लय अंगठे टाकले. मले वाटलं, वा रे वा, आपण लढाई जिंकली.

आता घोळ पाहा कसा वाढते.

पुढच्याच महिन्यात माझ्या पोरीचं, पल्लवीचं, साक्षगंध ठरलं. लग्नाआधीचा मोठा कार्यक्रम तो. पोरगा सिंदेवाहीचा, सोन्यावानी. पण त्याचे वडील, म्हंजे माझे होणारे इवाई नामदेवराव, एकदम कडक माणूस. त्यायच्या कानावर कोणीतरी घातलं होतं का मुलीचा बाप रविवारी अर्धा नंगा फिरते. त्यायनं निरोप धाडला, "गुरुजीले सांगा, साक्षगंधाले पुरे कपडे घालून या. आमच्याकडे चार लोक पाहाले असतात."

पल्लवीच्या डोळ्यात पाणीच आलं. "बाबा, त्या दिवशी तरी नका घालू ते वाघाचं! माझी सोयरीक मोडन."

"बेटा, तुह्या गळ्याशपथ, इवायाच्या नजरेले तो ड्रेस पडणार नाई," असं मी म्हटलं.

अन मंग शोभानं सांगतलं का सिंदेवाहीले जाण्यासाठी गाडी ठरवली. कोणाची? रशीदभाईची!

"त्याच्या गाडीत मी पाय ठेवणार नाई!" मी म्हटलं. "तुम्ही या गाडीनं. मी सायकलनं पुढं जातो, तिथी आंग धुतो, गाडी आली का नवा कुर्ता घालतो. कोणाले दिसत बी नाई."

शोभानं कपाळावर हात मारला. वरून मी जावयाची अंगठीही माझ्याच पाठीच्या खिशात घेतली. काऊन? त रशीदभाईच्या गाडीत गर्दीत कोण भरोसा करते! अक्कल गहाण ठेवली म्हणतात ते हेच.

सकाळी निघतो त रशीदभाई दारात गाडी पुसून राह्यला होता. तुमाले माहीत हाय, आपल्याकडे जंगलाच्या रस्त्यानं एकटा दुचाकीवाला जात नाई. मोठ्या गाडीची वाट पाह्यते, अन तिच्या मांगं मांगं निघते. सोबत म्हणतात आपल्यात. सोबत कोणी कोणाले नाई म्हणत नाई.

"गुरुजी," त्यानं म्हटलं, "रुको ना. जंगलातून माझ्या गाडीच्या मांगं मांगं या. आजकल शेर निकल रहा उधर."

"तुमचा धूर खात येऊ? मले तुमची सोबत नाई पाह्यजे!"

तो पुन्हा काच पुसाले लागला. अन मी टांग मारली.

वाटेत एका टपरीवर तर्री-पोहे दिसले. डॉक्टरनं तेल वर्ज्य सांगतलं होतं, पण सायकलवाल्याले ताकद लागते न? दोन प्लेटा खाल्ल्या. तर्री दोनदा मागून घेतली. त्या तर्रीनं जंगल लागताबरोबर आपलं काम सुरू केलं. आधी पोटात गुरगुर. मंग कळ. मंग अशी कळ का मले सायकल, साक्षगंध, साखर, काहीच आठवेना!

रस्त्याच्या खाली उतरलो. सायकल नालीत पाल्याखाली लपवली. कायले? कारण मांगून रशीदभाई येणार, सायकल दिसली का थांबणार अन तिथीच हॉर्न वाजवणार! म्हणून तीस-चाळीस पावलं आत गेलो अन रायमुनियाच्या दाट झुडपात, रस्त्याकडे पाठ करून बसलो.

आहाहा! काय सांगू. स्वर्ग!

तेवढ्यात रस्त्यावर एक मोटरसायकल कचकन थांबली. कोणीतरी दबल्या आवाजात म्हटलं, "वाघ!"

माझा स्वर्ग संपला.

मंग ट्रॅक्टर थांबला. मंग आणखी गाड्या. "कुठी कुठी?" "तो पाहा, झुडपात." "मायवं! केवढा हाय!" "बसून हाय." मी बर्फ झालो. लोक रस्त्यावर, मी झुडपात, त वाघ कुठी असन? मधात! माझ्या पाठीमांगं!

मी वर्गात पोरायले दरवर्षी शिकवतो, जंगलात वाकू नका, खाली बसू नका. बसलेला माणूस वाघाले जनावर वाटते. अन मी स्वतः कसा होतो? बसलेला! उठावं त चड्डी गुडघ्यात अन रस्त्यावर बायामाणसं. इज्जत वाचवू का जीव? मी दोन्हीच्या मधात तसाच बसून राह्यलो.

हळूच मोबाईल काढला अन शोभाले लावला.

"अवं," मी कुजबुजलो, "घाबरू नको. माझ्या मांगं वाघ हाय."

"अगाई!" तीही कुजबुजली. "अवो, आमच्यासमोर बी वाघ हाय! गाड्या थांबल्या साऱ्या. तुम्ही कुठी हा?"

"मी झुडपात लपलो. तू?"

"आम्ही रस्त्यावर. आमचा वाघ बी झुडपातच हाय!"

"म्हंजे दोन वाघ!"

"दोन वाघ!" शोभा जोरात वरडली. अन रस्त्यावर बोंब उठली, "दोन हायेत! दोन हायेत! जोडी हाय!"

माझी बायको मोबाईलवरही बोंबलली अन रस्त्यावरही बोंबलली, अन मले दोन्ही कानानं आयकू आलं, तरीबी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाई. म्हणे गुरुजी!

अर्धा तास गेला. पायाले मुंग्या आल्या. आधी आतून आल्या, मंग बाहेरूनही आल्या, लाल. एक मुंगी नको त्या जागेवर अशी चावली का मी जरासा सरकलो.

"हलला! हलला!" रस्त्यावर ओरड.

मी थिजलो. वाघ हलला! मुंगी पुन्हा चावली. मी पुन्हा सरकलो. "पुन्हा हलला! झेप घेते वाटते!" मी डोळे मिटले अन पल्लवीचा चेहरा समोर आणला. बेटा, म्हटलं, तुह्या बापाले माफ कर. मुहूर्त चालला, अंगठी चालली, अन बापही चालला.

ट्रॅक्टरवर एक बुढी होती. तिनं वाघोबाले नारळ कबूल केलं, मले आयकू आलं. सिंदेवाहीकडून एक कार येऊन थांबली, तिच्यातून कोणीतरी भारदस्त आवाजात विचारलं, "आमचे पाहुणे अडकले का जी इथी?" तो आवाज मी वळखला. इवाई नामदेवराव! पाहुण्यायले आणाले स्वतः निघाले होते.

मंग जंगल खात्याचा गार्ड आला. सगळे चिडीचूप. गार्डनं दुर्बीण लावली असन. अन नेमकी तवाच शोभाले माझी काळजी वाटली. तिनं फोन लावला.

माझ्या मोबाईलची रिंग म्हंजे शाळेची घंटा. टण टण टण टण टण!

अख्खं जंगल आयकून राह्यलं होतं. मी फोन बंद कराले गेलो त तो हातातून निसटला अन पाल्यात वाजतच राह्यला.

रस्त्यावर रशीदभाईचा आवाज आला, "अरे बाप रे! शेर के स्कूल की छुट्टी हुई क्या?"

अन मंग शोभा. "अगाई माय! ही त आमच्या ह्यायच्या मोबाईलची घंटा हाय!"

गार्ड शांतपणे म्हणाला, "वाघ नाई जी. माणूस हाय. पोट साफ कराले बसला हाय."

मले तवा समजलं. पिवळा शर्ट, काळे पट्टे. पाऊण तास मी ज्या वाघाले भेऊन बसलो होतो, तो वाघ मीच होतो!

धरणीमाय पोटात घेन त बरं, असं वाटलं. पण धरणीमायच्या जागी रशीदभाई आला. अन कसा आला? उलटा चालत! माझ्याकडे पाठ करून, एक एक पाऊल मांगं टाकत, हातात पाण्याची बाटली अन खांद्यावरचा दुपट्टा.

"लो गुरुजी, पानी. अन हा दुपट्टा गुंडाळा. आरामसे. मैं उधर देख रहा."

मी उठता उठता म्हटलं, "रशीदभाई, तुमचा तो हॉर्न एवढा मोठा हाय. वाघ दिसला त वाजवला काऊन नाई? एकदा वाजवला असता त मी तवाच उठून उभा राह्यलो असतो!"

तो पाठ करूनच बोलला, "भाभी बी वही बोली. मैं बोला, गुरुजी पुढं सायकलवर एकटे गेले हायेत. हॉर्न दिया तो शेर उधरच भागेगा, गुरुजी के उपर."

ज्या माणसाचा फोटो काढून मी मुजोर म्हणून ग्रुपवर टाकला, तो माझ्या जिवासाठी पाऊण तास हॉर्नवरचा हात आवरून बसला होता. मले त्याच्याकडे पाहावलं नाई. बरं झालं तोही पाहून नव्हता राह्यला.

रस्त्यावर आलो. वर वाघ, खाली दुपट्टा. दोन्हीकडच्या गाड्यायची गर्दी. ट्रॅक्टरवरची बुढी विचारते, "आता माझा नारळ कोणाले देऊ?" पल्लवी गाडीत दोन्ही हातानं तोंड झाकून. अन समोर इवाई. त्यायनं मले डोक्यापासून पायापर्यंत पाह्यलं. मले वाटलं, मोडली सोयरीक.

"गुरुजी," ते म्हणाले, "पाव तास कारच्या काचा वर करून बसलो मी. इतका भेव मले माझ्या सासऱ्याचाही वाटला नव्हता. असा इवाई असला त माझा पोरगा जलमभर सुनेसोबत नीट वागन." अन त्यायच्या कडक तोंडावर असं हासू फुटलं का पोट धरून रस्त्यावरच बसले. बुढीनं नारळ त्यायच्याच हातात दिला. साक्षगंध दीड तास उशिरा झालं, पण झालं. अंगठी पोरानं वास घेऊन घातली, असं लोक सांगतात. ते खोटं हाय.

रशीदभाईची मी सगळ्यायसमोर माफी मागतली. त्यानं माझे हात धरले अन म्हटलं, "गुरुजी, आपकी बात सही थी. आजपासून तुमच्या मांगं हॉर्न कधीच वाजवणार नाई."

अन पठ्ठ्या शब्दाचा पक्का! आता रविवारी माझ्या मांगं त्याची सवारी भरलेली गाडी येते. हॉर्न नाई. हळूच माझ्या बाजूले येते, काच खाली होते, अन रशीदभाई पुऱ्या रस्त्याले आयकू जाईन अशा आवाजात विचारते, "गुरुजी, आज पोट साफ हाय ना? पानी दूं क्या?"

मी दरवेळी हात जोडतो. "रशीदभाई, तुमच्या पाया पडतो, हॉर्न वाजवा न जी!"