ठेवणीतले टायर

रायपुरात गाडी पळवायचा नाद लागलेले जेवढे पोट्टे आहेत, ते टायर घ्यायच्या आधी तात्यापारा मोहल्ल्यात वनमालाबाई बोंदऱ्यांकडे येतात. बाई छप्पन्न वर्षांच्या. रेल्वेच्या ऑफिसात भांडार सांभाळतात, चष्मा दोरीला बांधलेला, साडी सुती. पहिल्यांदा आलेल्याला वाटतं आपण भलत्याच घरात शिरलो. मग बाई विचारतात, सिमेंटवर चालवणार का मुरुमावर, अन् पोट्टा मुकाट्यानं खाली बसतो.

टायर निवडताना बाईंना पाहावं. दुकानदार धर्मपालजी त्या आल्या की स्वतःच माळ्याला शिडी लावतात, कारण खालचा माल दाखवून उपयोग नाही हे त्यांना आता पाठ झालंय. बाई टायर गोल फिरवतात, त्याच्या अंगावरचे चार आकडे शोधतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जन्मतारीख पटली तरच पुढची बोलणी. मग अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहतात. नख रुतलं तर रबर मऊ, म्हणजे वळणावर जमीन धरून ठेवणार. नाही रुतलं तर टायर परत माळ्यावर. मऊ टायर लवकर झिजतो अशी कुणी कुरकुर केली तर बाई ऐकवतात, "रबर म्हंजे लोणचं नाही बाप्पा. ठेवलं तर मुरत नाही, वाळते."

बोलायला काय जातं म्हणा! याच बाईंनी चार वर्षांपूर्वी स्वतःसाठी स्पर्धेचे चार टायर घेतले. घरी आणून त्यांना हळदकुंकू वाहिलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि दिवाणात ठेवून दिलं. चांगल्या दिवसासाठी. त्याच दिवाणात लग्नातला काचेचा डिनर सेट आहे, तोही अजून चांगल्या दिवसाची वाट पाहून राहिला. पुढच्या स्पर्धेला बाई म्हणाल्या, आज धूळ फार आहे, एवढे महागाचे टायर कशाला खराब करायचे. त्याच्या पुढच्या वेळी ऊन कडक होतं. नंतरच्या वेळी गाडीचा क्लच नरम वाटला. प्रत्येक वेळी बाई ऑफिसला जायच्याच टायरांवर धावल्या आणि ते चार दिवाणात झोपून राहिले.

आता ही स्पर्धा काय ते सांगतो. अभनपूरकडे एक राईस मिल कधीची बंद पडलीय. तिथं धान वाळवायचं भलंमोठं सिमेंटचं अंगण आहे. मोटर क्लबवाले त्या अंगणात प्लास्टिकचे शंकू मांडून वाकडातिकडा रस्ता आखतात, त्यातून एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. जो मिनिटाच्या आत येईल त्याचं नाव मिलच्या भिंतीवर लाल रंगानं लिहायचं. भिंतीवर अकरा नावं होती. अकराही पुरुषांची, आणि त्यातल्या सहाजणांचे टायर बाईंनी निवडून दिलेले.

बाईंना ते बारावं नाव पाहिजे होतं. एकोणपन्नासाव्या वर्षी त्या सहज बघायला म्हणून गेल्या, कुणाची तरी जागा रिकामी होती, आपल्या लाल मारुतीत बसल्या, आणि चौऱ्याहत्तर सेकंदांत परत आल्या त्या दुसऱ्याच बाई होऊन. सात वर्षं त्यांनी ते सेकंद एकेक करून खाली उतरवले. आता गाडी साठ पूर्णांक नऊवर अडली होती. हा आकडा शामरावांचा. शामराव म्हणजे त्यांचे यजमान, गणिताचे निवृत्त मास्तर. बायकोची वेळ ते स्वतःच्या घड्याळावर घेतात आणि पूर्णांकासकट सांगतात.

गेल्या डिसेंबरात कळलं की मिल विकली गेली. अंगण फोडून तिथं प्लॉट पडणार. जानेवारीतली स्पर्धा शेवटची. शामरावांनी हिशेबानं दाखवून दिलं की नाव लागलं तरी भिंत महिनाभरात पडणारच आहे. बाईंनी दिवसभर अबोला धरला. महिनाभर तर महिनाभर, नाव पाहिजे म्हणजे पाहिजे!

स्पर्धेच्या सकाळी दिवाण उघडला. मिलच्या अंगणात टायर गाडीला चढले तेव्हा काय दिसत होते, अगदी नवरदेव! बाईंनी सवयीनं नख लावलं. नख रुतलं नाही. दुसऱ्याला लावलं, तिसऱ्याला लावलं. रायपूरचे चार उन्हाळे त्या बंद दिवाणात टायरांनी काढले होते, लाकडासारखे कडक झाले होते. बाईंचा चेहरा उतरला. साऱ्या गावाचे टायर तपासले आणि घरचेच तपासायचे राहिले, असं त्या शामरावांना हळूच म्हणाल्या. शामरावांना हसू येत होतं, पण पस्तीस वर्षांच्या संसारात माणूस तेवढं शिकतोच.

प्रत्येकाला दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत गाडी प्रत्येक वळणावर बाहेर घसरली. एकसष्ट पूर्णांक आठ. ऑफिसच्या टायरांपेक्षाही वाईट.

बाई गाडीतून उतरेनात. तेवढ्यात पियुष आला. पियुष दातांचा डॉक्टर, गाडी बाईंसारखीच, टायर बाईंनीच निवडून दिलेले, आणि त्याच्या दोन्ही फेऱ्या झालेल्या. मराठी घरातलाच, पण बोलतो हिंदी. स्वतःची चाकं काढून द्यायला तो तयार होता. बाई नको नको म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्याला नागपुरात धावायचं होतं आणि हे टायर अजून दोनतीन फेऱ्यांचेच धनी होते.

"काकू, घिसने के लिए ही तो लिए थे," पियुष म्हणाला.

चाकं बदलली. बाईंनी नख लावून पाहिलं, लोण्यासारखं रुतलं. हेल्मेट घातलं, झेंडा पडला आणि लाल मारुती सुटली. पहिल्या तीन वळणांत गाडी जमिनीला चिकटून चालली होती. अर्ध्या रस्त्यावर घड्याळ एकोणतीस दाखवत होतं. बाई मिनिटाच्या आत येणार यात कुणालाच शंका उरली नाही, आणि क्लबवाल्याने रंगाच्या डब्याचं झाकणही उघडून ठेवलं.

मग शेवटचं मोठं वळण आलं. टायर किंचाळले, आणि गाडी एकदम शहाण्यासारखी हळू झाली. एवढीशीच. वळण अगदी नेटकं घेऊन बाई आल्या.

शामरावांनी घड्याळ दोनदा पाहिलं. साठ पूर्णांक दोन.

पियुषनं खाली बसून टायरांवर हात फिरवला. झिजलेच नव्हते म्हणा ना. तो बाईंकडे बघत राहिला. शामराव जवळ आले.

"वनमाले, त्या वळणावर ब्रेक लावला तू. काहून?"

बाईंनी हेल्मेट काढलं. डोळे भरले होते.

"टायर ओरडले जी. मले वाटलं, लोकाची वस्तू आहे, लेकराचे टायर कशाले खराब करून राहिली मी."

आणि बाई रडल्या. लपूनछपून नाही, सगळ्यांसमोर, हेल्मेट मांडीवर घेऊन. मिनिटासाठी सात वर्षं झुरल्या होत्या, आणि दिवाणाबाहेरचे टायरही त्यांनी जपूनच ठेवले होते. पियुषनं शेवटी सांगितलं, मराठीत सांगितलं, "काकू, मी दिले होते ना."

फेब्रुवारीत मिलची भिंत पडली. बाई बघायला गेल्या नाहीत. त्या दिवशी त्या धर्मपालजींकडे होत्या. नेहमीसारखी शिडी लागली, आकडे वाचले गेले, नख रुतवून झालं. चार टायर पसंत पडले. दिवाणाची कथा कानावर आलेल्या धर्मपालजींनी चादर आणली का विचारलं, तर बाईंनी गाडीलाच चढवायला सांगितले, आत्ताच्या आत्ता.

आता त्या त्याच टायरांवर ऑफिसला जातात, भाजी आणतात, सदर बाजारात स्कूटरवाल्यांच्या मागे वीसच्या वेगानं रांगत असतात. क्लबवाले नवीन जागा शोधून राहिले, अजून मिळाली नाही. शामरावांनी गणित मांडून सांगितलं की असंच चाललं तर दिवाळीपर्यंत टायर पार गुळगुळीत होतील, स्पर्धेला काही उरणार नाही.

"होऊ द्या," बाई म्हणाल्या, आणि वळणावर गाडी जरा जोरातच घेतली.