नमुना अर्ज

मागच्या वर्षी एका मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता मी स्वेच्छेने निवृत्त झालो. त्यात स्वेच्छा तेवढी माझी नव्हती. (अक्षर, नाव, सही आणि मूर्खपणा माझाच होता.)

नागपूरच्या एका सरकारी कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. अर्ज लिहावा तर यांनीच, असा माझा लौकिक आहे आणि तो मीच पसरवला आहे. त्या दिवसांत पेन्शनचे नियम बदलणार, आता सुटेल तो वाचेल, राहील तो बुडेल, अशी आवई उठली होती. तर्री-पोह्यांच्या टपरीवर रोज दोन तट पडत. एक म्हणे, आत्ताच निवृत्त व्हा. दुसरा म्हणे, शेवटच्या दिवसापर्यंत खुर्ची सोडू नका. मी दोन्हीकडून तावातावाने बोलायचो आणि हुडकेश्वरला घरी जाऊन छातीतली धडधड मोजत पडायचो. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि माझी नोकरी अजून सात वर्षं बाकी होती.

शेजारच्या टेबलावरचे ढोबळेभाऊ माझ्याहून घाबरट. सोमवारी ते हळूच म्हणाले, "स्वेच्छानिवृत्तीचा एक नमुना लिहून दे ना गा. मी पाहून उतरवतो."

नमुन्यात मी नेहमी स्वतःचंच नाव घालतो. 'अबक' लिहिलं की लोक 'अबक'च उतरवतात! सही कुठे करायची असं ढोबळे विचारणार, म्हणून तीही करून दाखवली. वरच्या कोपऱ्यात 'नमुना' लिहायला मात्र विसरलो नाही. इतका मी सावध माणूस आहे.

ढोबळेंनी कागद घरी नेला, बायकोची बोलणी खाल्ली, आणि मंगळवारी मी डबा खायला गेलो असताना तो माझ्या टेबलावर पेपरवेटखाली परत ठेवला. आता माझ्या पेपरवेटखालचं सगळं तीन वाजता आवक शाखेत गेलंच पाहिजे, हा नियम कोणी केला? मीच केला! आवक शाखेनं जाडजूड जांभळा शिक्का मारला, तो नेमका 'नमुना' या शब्दावर.

साडेचारला साहेबांनी बोलावलं. "तुमच्यासारखा माणूस जातोय, वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण अर्जात नाकारायला जागाच ठेवली नाही तुम्ही. एक त्रुटी नाही."

उभ्या नोकरीत साहेबांनी माझ्या अर्जाचं केलेलं हे पहिलं कौतुक. कसाबसा सगळा प्रकार सांगितला. साहेब म्हणाले, मागे घेण्याचा अर्ज द्या, मग बघू. या 'मग बघू'वर मी स्वतः किती लोकांना महिनोन् महिने फिरवलंय, ते सगळे चेहरे डोळ्यांपुढे आले.

ढोबळेवहिनींच्या कृपेने बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. बायको दारातच उभी.

"मले न विचारता नोकरी सोडून राहिले तुम्ही? काहून? पोरीचं कसं करायचं?"

तो नुसता नमुना होता, असं मी म्हणालो.

"नमुना तर तुम्हीच आहे," ती म्हणाली. "दिवसभर घरात बसून माझ्या डब्यांवर लेबलं लावान. मी भिवापूरले माहेरी जातो, आत्ताच सांगून ठेवतो."

मग ती आत गेली आणि पदराने डोळे पुसू लागली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

बुधवारी मागे घेण्याचा अर्ज लिहायला बसलो, तर एक ओळ धड जुळेना. पहिला अर्ज साहेबांनी परत पाठवला, त्यात 'विषय'ची ओळच नव्हती. दुसऱ्यात 'अर्ज मागे घेत आहे'ऐवजी 'अर्ज मागे येत आहे' झालं होतं. शेवटी ढोबळेभाऊंनी कोरा कागद पुढे सरकवला आणि शब्दन् शब्द सांगितला. मी निमूट उतरवत गेलो. सही कुठे करायची, हेही विचारलं.

शुक्रवारी फाइल खाली आली. माझा निवृत्तीचा अर्ज रद्द झाला होता. शिक्क्याखालचा शब्द साहेबांनी उजेडात धरून वाचला असावा, कारण खाली लाल शाईत शेरा होता: 'नमुना कार्यालयातच ठेवावा.'

हा शेरा कागदाबद्दल होता की माझ्याबद्दल, हे मी अजून विचारलेलं नाही. पेन्शन हातात पडेपर्यंत विचारणारही नाही.