आंब्यावरच्या ओंबिली

चक्रीवादळाने दिवेआगरच्या आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या केल्या, पण विहिरीजवळचा आंबा राहिला. त्यावर ओंबिली होत्या, पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या बघत आले. पाच-सहा जणी एकमेकींची कंबर धरून दोन पानं जवळ ओढतात आणि आणखी एक तोंडात अळी धरून त्या अळीच्या रेशमाने पानं शिवते. बुंध्याशी काळ्या मुंग्या होत्या; डिवचलं की मागचा भाग विंचवासारखा वर करायच्या. साखरेच्या डब्यात शिरणाऱ्या त्या तिसऱ्याच. या सगळ्यांना 'मुंग्याच त्या' म्हणणाऱ्या माणसाचा मला राग येतो.

गेल्या हंगामात आमच्याकडे भाड्याच्या खोलीत उतरलेल्या एका पाहुण्याने न विचारता त्या आंब्याला झोपायच्या झोळीची दोरी बांधली. दोरीवरून ओंबिली उतरल्या आणि त्याच्या मानेला डसल्या. "नेटवर लिहितो तुमच्याबद्दल," असं तो ओरडला. मी त्याला खोबरेल दिलं.

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनहून बाजार करून आले, तर आंब्याखालची माती पडलेल्या ओंबिलींनी लाल झालेली. आणि माझे दीर विहिरीच्या काठावर फवारणीचा पंप धूत होते. त्याच विहिरीचं पाणी आम्ही पितो.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"औषध मारलं, वहिनी. पाहुणे काय चावून घ्यायला येतात?"

"मला विचारलंत?"

"मुंग्याच त्या. येतील परत."

मी खाली वाकले. काही अजून हलत होत्या, तोंडात अळ्या तशाच धरलेल्या. मी भाऊजींच्या हातातला पंप ओढला आणि दगडावर आपटला. त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी सगळ्यांदेखत चढवला. पाहुण्यालाही सांगितलं, "आजच खोली रिकामी करा."

शेजारच्या काजूवरची तीन घरटी फांदीसकट कापून आणून आंब्याला बांधली. हात कोपरापर्यंत सुजले. दोन दिवस ओंबिली खोडावर सैरावैरा धावल्या, मग दिसेनाशा झाल्या.

यंदा मोहोरावर तुडतुडे बसले, मोहोर काळा पडला.

"फवारायला हवं," भाऊजी म्हणाले.

"तुडतुडे खाणाऱ्यांना तुम्हीच मारलंत."

'चुकलं' असं भाऊजी अजून म्हणालेले नाहीत. मी त्यांना जेवायला वाढते, बोलत नाही.